सोळाशे सदुसष्ट

पहाटे साडेचार.
ओउलूतला नोव्हेंबरचा सूर्य
माझ्यानंतर चार तासांनी कामावर येतो, ते बरंच आहे.
अंधारात कुणाला दिसणार
मी कोट घालून स्वयंपाकघरात बसलेय ते,
रेडिएटरला तळपाय टेकवून,
तौनोच्या जुन्या गणिताच्या वहीत
एका माणसाला बोटीवर चढवत.

आमच्या भाषेत या महिन्याच्या नावातच मरण आहे.
कादंबरी सुरू करायला मला हाच मिळाला.

दिवसाला शब्द सोळाशे सदुसष्ट,
म्हणजे महिन्याला पन्नास हजार.
पिर्को म्हणाली, वाटाणे मोजतेस का गं?
तेच तर करते, पिर्को, बावीस वर्षं.
दर गुरुवारी शाळेतल्या तीनशे ऐंशी पोरांना
वाटाण्याचं सूप.
रांधा, वाढा, उष्टी काढा,
आणि एवढं करून बोटांत काही उरलंच, तर लिहा.

पहिला आठवडा झरझर गेला.
यालमारीने पेटी भरली,
बायकोला न सांगता कडी सरकवली,
धक्क्यावर आला. एक पाय फळीवर ठेवला.

आणि इथे बर्फ पडला.

बर्फ पडला की आन्सी माझा नसतो, नगरपालिकेचा असतो.
रात्री दोनला त्याची बर्फ लोटायची गाडी निघते,
सगळ्या गावाचे रस्ते मोकळे करते,
आमच्या दारातला ढीग तेवढा राहतो.
मग फावडं माझं,
तौनोला हॉकीच्या सरावाला सोडणं माझं,
ओले हातमोजे वाळत घालणं माझं,
त्यातला एक कुठे गेला, याचा जाबही
मीच द्यायचा.

नववा दिवस : दोनशे अकरा शब्द.
दहावा : वॉशिंग मशीन.
अकरावा : शून्य. तेही लिहून ठेवलं, तारखेसकट.
बारावा : तौनोला ताप, एकशे दोन.
यालमारी अजून फळीवर. एकच पाय.
त्याच्या पायाला मुंग्या आल्या असतील,
माझ्या तर आल्याच.

तेराव्या दिवशी रविवार. आईकडे गेले.
तिला मी कोण ते आठवत नव्हतं,
म्हणून मोकळेपणी वाचून दाखवलं.
ऐकत होती की खिडकीतल्या कावळ्याकडे बघत होती,
सांगता येत नाही.
मधेच म्हणाली,
एवढी थंडी, आणि बाबा हात खिशात घालत नाही?
काय आहे त्याच्या खिशात?

मला माहीत नव्हतं.
चौदा हजार शब्द झाले होते,
आणि मी त्याच्या खिशात हात घातला नव्हता.

सोमवारी शाळेतल्या शीतखोलीत,
दुधाच्या पावतीच्या पाठीवर,
पेन्सिलीनं, कारण शाई गोठते,
मी त्याच्या खिशातून
बायकोचा एक लोकरी हातमोजा काढला.
एकच.
बाहेरून पिर्कोने दार ठोकलं : गाजरं आणतेस की पिकवतेस?

त्या रात्री दोन हजार तीनशे.
दुसऱ्या दिवशी नऊशे.
मग पालकसभा. मग आन्सीची पाठ धरली.
मग एका पहाटे वहीवरच झोप लागली
आणि गालावर एक वाक्य उलटं उमटलं,
ते आरशात वाचलं. बरं होतं.

आज तीस तारीख. बुधवार.
अडतीस हजार नऊशे चाळीस.
बोट सत्तावीस तारखेलाच सुटली, त्याला न घेता.
मी थांबवलं नाही. त्याला परत घरी पाठवलंय,
पण दार अजून कुणी उघडलेलं नाही,
आणि ती उघडेल का, हे
मला खरंच ठाऊक नाही.

झाली का? पिर्कोने विचारलं.
नाही.
महिना तर संपला.
हो ना. भिजत घोंगडं.
म्हटलं, जरा ते मोठं पातेलं धर त्या बाजूनं,
उद्या गुरुवार आहे.