साडेसातचा भाग

'नऊ नंबरचं बिऱ्हाड' सुरू झालं तेव्हा
एका भागाला आईच्या चाळीस विड्या व्हायच्या.
आता साठ होतात.
मालिका पडली, याचा इतका चोख पुरावा
दुसऱ्या कुणाकडं नसेल.

कारण हसू आलं की कात्री थांबते.
पान अर्धं वळलेलं राहतं,
सुताचं टोक दातात विसरून जातं.
अप्पा केळशीकर स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसाला
चुकून शोकसंदेश वाचतो,
त्या रात्री विडी घरकुलातल्या आमच्या अख्ख्या ओळीत
कुणाचाच हजार भरला नव्हता.

दार उघडं. उंबऱ्याच्या आत तिघी, बाहेर दोघी,
मांडीवर सुपं, तोंडं टीव्हीकडं.
हातांना बघावं लागत नाही.

राजमणी वदिना म्हणते, कुमुद बिघडली.
"आधी कशी होती?
सासूला उलट बोलायची, मग स्वतःच घाबरून
चार पोळ्या जास्त लाटायची.
आता नुसत्या साड्या बदलते."
सत्यम्मा म्हणते, कुमुद तीच आहे,
लिहिणारा दमलाय.
"रोज एकच काम केलं की
शेवटची बंडलं ढिलीच येतात. मला विचार."

अंबूबाईला खऱ्याखोट्याचं वेड.
"त्या घरात पाणी भरताना बघितलंय का कुणी?
अकरा वर्षं, ओ!
एक घागर नाही, एक पिंप नाही.
आपल्याकडं चार दिवसांआड, तेही रात्री दोनला,
आणि ही माणसं नळ चालू ठेवून भांडतेत!"
"मुंबईत येत असेल की रोज."
"मग रोज पाणी येणाऱ्याला
विनोद कशाला लागतोय?"

बंटू अजून दहावीत आहे.
मी त्याच्याबरोबरच दहावीला बसले होते.
आता गणवेशाच्या कारखान्यात
त्याच्या शर्टासारख्या शर्टांना
दिवसाला दोनशे काजं करते.
तो अजून गणितात नापास होतो
आणि मागून कुणीतरी हसतं, तेच हसणं,
डब्यात भरून ठेवलेलं.

मधे तर अप्पाच बदलला.
जुना नट गेला, नवा आला, टोपीएवढा उंच,
आणि घरात एकानं विचारलं नाही, तू कोण.
आमच्या ओळीत तीन दिवस भांडण.
"नवरा वीतभर वाढला, बाईला कळू नये?"
सत्यम्मानं सूत तोडलं.
"माझा बदललाच की.
गिरणी बंद पडली त्या आठवड्यात.
कुणी विचारलं?"
पुढं तेलाची जाहिरात लागली
आणि ती सगळ्यांनी फार लक्ष देऊन बघितली.

सकाळी बंडलं पोचवायला मी जाते.
चेकर एकेक विडी दाबतो,
वाकडी, ढिली, डागाच्या पानाची छाटात फेकतो.
आई म्हणते, हे भागसुद्धा
कुणीतरी असे दाबून बघायला पाहिजेत,
निम्मे छाटात जातील.
मग बंद करू या की टीव्ही, मी म्हटलं,
तर पाचही जणी माझ्यावरच उठल्या.
"बंद कशाला?
मग साडेसातला शिव्या कुणाला घालायच्या?"

परवा जुना भाग लावला होता.
शोकसंदेशाचा. जुना अप्पा, बुटका.
त्यानं खिशात हात घालायच्या आधीच
अंबूबाई फुटली.
कुमुदनं चार पोळ्या जास्त लाटल्या,
वदिना भिंतीला टेकून नुसतीच हलत राहिली,
आणि सत्यम्मा, जी कधी मोठ्यानं हसत नाही,
"अय्यो, नको, नको" म्हणत
सूप बाजूला ठेवून पदर तोंडात कोंबून बसली.

भाग संपल्यावर मी मोजल्या.
एकतीस.
"आई, उद्या चेकरनं विचारलं तर?"
आई तंबाखूच्या हातानं डोळे पुसत होती,
त्यामुळं आणखीच पाणी येत होतं.
म्हणाली,
"सांग, लाईट गेली होती."