प्लस अडीच

सोमवारी दुकान बंद असतं.
सीताबर्डीतून स्कूटर काढून मी उमरेड रोड धरतो,
पाचगाव सोडून कुहीकडे, लाखोरीच्या शेतांपर्यंत,
जिथे जानेवारीतलं दव
गुडघ्यापर्यंत पॅन्ट भिजवतं.

पऱ्हाटीच्या वाळक्या काडीवर
एक चिमणी बसली होती.
चिमणी नव्हती.
अंग तेवढंच, पण शेपूट लांब,
आणि उडून पुन्हा बसली तेव्हा
शेपटीच्या कडेला पांढरं काहीतरी उघडमीट झालं.

बावीस वर्षं मी माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवून विचारतोय,
हे स्पष्ट, की हे?
आता? आणि आता?
माणसं खोटं बोलतात. सगळं दिसतंय म्हणतात.
आज दुर्बिणीचं चाक फिरवताना
मीच पुटपुटत होतो,
आता? आणि आता?

भारीट. इथवर पटलं.
कुठला पण? काळ्या डोक्याच्याची मादी?
नाही, पोटाला पिवळं नाही, विटकरी आहे.
चोच गुलाबी, ओली वाटावी अशी.
डोळ्याभोवती फिकट कडं,
नंबर काढायची रिकामी फ्रेम
कुणी चढवून विसरावी तसं.
डोकं राखाडी, की धुकं?
उन्हासाठी थांबलो.
ऊन आलं. काडी हलत होती नुसती.

"काय हरपलं जी?"
धुऱ्यावर सुगंधाबाई गायधने,
रात्रभर रोही हाकलून आलेली,
काखेत टिनाचा डबा, त्यात खडे.
म्हटलं, पाखरू.
"गुलाबी चोचीचं? डोस्कं राखुंडीवानी?
ते तं परवापासून हाय.
थे पाहा, बोरीखाली. तिघं हायेत."
शंभर पावलं तरी असेल ती बोर.

तिघं होती.

वहीत लिहिलं: राखी मानेचा भारीट, तीन.
पुढे प्रश्नचिन्ह. मग ते खोडलं.
तिला पुस्तकातलं चित्र दाखवलं.
तिने पुस्तक हातभर लांब धरलं,
मान मागे नेली,
आणखी लांब धरलं.
"याच्यात तं काईच दिसत नाई जी."

तिचा नंबर मला तिथेच कळला,
धुऱ्यावर, तक्त्याशिवाय.
म्हटलं, पुढच्या सोमवारी चष्मा आणतो,
दोरीवाला, शेतात पडणार नाही असा.
ऐकलं की नाही, कोण जाणे.
ती बोरीकडे पाहत होती.

"दोनच रायले," म्हणाली.