दोन आकडे

नागपूरहून आणलेला रबरी बेडूक,
पोटाखाली तीन आकड्यांचा गळ.
दुधराम ढिवरानं तो तळहातावर उलटा केला :
"तीन काहून? मासोळीले तोंड त एकच रायते."

मामातलावात पहिल्या फेकीला
शिंगाड्याचा अख्खा वेल आला,
दुसरीला माझीच बाही.
तो हसला नाही.
बिडी विझवली, पक्कड मागितली,
कट्, कट्.

"आता सुटन एखादी."
"सुटन त सुटन."

कमळपानांवरून बेडूक मोकळा सरकू लागला.
दिवस कलता मरळ लागली,
तिच्यामागं पाण्यात
लालसर पिल्लांचा घोळका, गोंधळलेला.
एका पिळात गळ निघाला.
शेवाळ हललं, थांबलं.

रात्री सदरा धुवायला काढला,
खिशातले दोन आकडे
बोटात रुतले.