दृष्टिआड

अंबाजोगाईला, शरीररचना विभागात
माझं पहिलं काम मेण वितळवायचं.
मग पातं. मग श्वास रोखून चाक फिरवायचं,
आणि मेंदू उतरतो एकेक
कांद्याच्या पापुद्र्यासारखा, कोमट पाण्यावर.

तीन डबे आहेत टेबलावर.

पहिल्यात वानर, काळ्या तोंडाचं.
नागपंचमीला डीपीवर चिकटलं.
कळपातल्या दोघी अंधार पडेपर्यंत
वसतिगृहाच्या पत्र्यावरून हलल्या नाहीत.
वनखात्याचा कागद यायला तीन दिवस, तोवर बर्फात.

दुसऱ्यात माकड. मदाऱ्याकडून सोडवलेलं,
गळ्याभोवती केस नव्हते.
‘वानर आणि माकड एक नव्हे,’
काझी मॅडम पहिल्याच तासाला सांगतात,
‘शेपूट बघा, तोंड बघा, मग आत बघा.’

शिवाय एक जुनी काचपट्टी, केरळातून आलेली:
लोरिस. मुठीत मावेल असलं रातवं जनावर,
अंगापेक्षा डोळेच मोठे.

तिसऱ्या डब्यावर नुसता नंबर.

डोळे पुढं, पाहणं मात्र मागं असतं,
जिथं न्हाव्याचा वस्तरा शेवटी पोचतो,
जिथं आई तेल थापायची.
दृष्टिआड सृष्टी म्हणतात ती हीच बहुधा.
तिथं कापलं की दिसते पांढरी रेघ,
करदोट्याच्या दोऱ्याएवढी, साध्या डोळ्यांनी.
लोरिसात आहे. वानरात, माकडात आहे.
उंदरात नाही. मी शोधली होती.

मॅडम फळ्यावर सातबारा मांडतात:
समजा माकडाला दहा एकर मेंदू,
त्यात पाहण्याला एक एकर, वर काही गुंठे.
लोरिसाला एकरच, पण आठ गुंठे पाहण्याला.
वानराची मोजणी चालू आहे.
माणसाला शंभर एकर,
पाहण्याला तीन. तेही ओढूनताणून.
‘मग बाकीच्यात काय पिकतं, मॅडम?’
पोरं हसतात.
‘जे पाहिलं त्याचं काय करायचं, ते,’
म्हणून त्या फळा पुसतात.

नंबर असला तरी फॉर्म मीच फाइलला लावला होता.
मन्मथअप्पा. मंडी बाजारातले घड्याळवाले.
लेकाला वाटत होतं रीतीनं बसवून माती द्यावी,
अप्पांनी सही आधीच करून ठेवलेली,
ओळ सोडून खाली उतरलेली सही,
कारण काचबिंदूनं अकरा वर्षं
दोन्ही डोळ्यांत काही नव्हतं.
तरी माझं घड्याळ कानाशी धरून म्हणाले होते,
‘केस अडकलाय गं, चौथ्या चाकाला.’
चिमट्यानं ओढून काढला. लांब.
माझाच होता.

आज त्यांची रेघ पाहिली. आहे.
फिकी वाटली मला.
मॅडम म्हणतात, मोजल्याशिवाय बोलू नये.
नाही बोलत.
पण ज्या तीन एकरांत अकरा वर्षं
उजेडाचा दाणा पडला नाही
ते रान पडीक राहिलं असेल?
की बोटांनी हळूच बांध कोरला असेल,
कानांनी एक-दोन सरी ओढून
टिकटिक पेरली असेल?
काचेखाली सगळं जांभळं दिसतं,
पेरलेलं आणि न पेरलेलं.

खिडकीच्या जाळीला वानरी येऊन बसली आहे,
पोटाला पिल्लू.
डीपीखालच्या त्या दोघींतली एक असेल, नसेल,
मला ओळखता येत नाही;
तिला कदाचित मी येते.
ती टेबलाकडं बघत नाही, डब्यांकडं नाही,
माझ्या हाताकडं बघते, चाकाकडं.
मी हात काढून घेते.

बारा वाजून चार मिनिटं.
अप्पांनी लावलेलं, अजून मागं पडलेलं नाही.
ठोकळा गार आहे तोवर
चाळीस काप काढायचेत.