पस्तीस कला

टिपणीसकाका बोटीवर सेकंड मेट होते
तेव्हाही ही रीत जुनीच झाली होती.
आता दांडिया बाजारात, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर,
ते चंद्र आणि तारा यांच्यातलं अंतर मोजतात.
"याला क्षितिज लागत नाही," म्हणतात,
"म्हणून बडोद्यात जमतं."

उंचीसाठी मात्र परातीत शेंगतेल.
तेलात दुसरा चंद्र,
खालून रिक्षा गेली की शहारणारा.
तेल वाया जात नाही, दुसऱ्या दिवशी मेथीचे गोटे.
उत्तरायणात एकदा तारा म्हणून तुक्कल धरली होती.
कुणीतरी तारा खाली ओढून घेतला, तेव्हा कळलं.

नऊ रात्रींची वही त्यांनी माझ्याकडे दिली.
"बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढतेस ना?
माझ्या काढ. लाल शाई वापर."

चंद्राची कोणती कड धरली, ते पाहिलं.
लंबन पाहिलं, सगळ्यात मोठं तेच, जवळजवळ अंशभर.
वक्रीभवन. लॉगचं शेवटचं घर.
एका ठिकाणी सहाचा नऊ,
तोही त्यांनीच खोडून सुधारलेला.
आमच्या शाखेत इतकी स्वच्छ वही कुणाची नाही.

तरी दर रात्री चंद्राची वेळ घड्याळाच्या पुढे.
फरक रेखांशात उतरवला
की आमची गच्ची पश्चिमेला सरकते,
कधी चोवीस कला, कधी बेचाळीस,
पूर्वेला एकदाही नाही.
सरासरी पस्तीस.

सेक्स्टंट खोटा असता
तर पश्चिमेच्या रोहिणीशी एकीकडे ढळला असता,
पूर्वेच्या चित्रेशी दुसरीकडे.
यंत्राला अशी एकच दिशा आवडत नाही.
माणसाला आवडते, असं मनात आलं
आणि मी नकाशावर पट्टी ठेवली.

तोच अक्षांश. पस्तीस कला पश्चिमेला.
खंभात.
गाळाने बुजलेलं बंदर,
ओहोटीला पाणी दिसेनासं होतं तिथलं.
म्हातारा नऊ रात्री समुद्रावर जाऊन आला होता.

लाल शाईत लिहिणारच होते, "निरीक्षकाची ओढ",
तेवढ्यात समासात दिसलं बारीक अक्षर:
"घड्याळ फोनवरून लावले."

त्यांचा रेडिओ दिवाळीपासून रावपुऱ्यात दुरुस्तीला.
रोज पावणेपाचला शाखेत फोन यायचा,
"किती वाजले? सेकंदासकट सांग."
आणि नोटांवरची मान वर करून
भिंतीकडे बघून सांगणारी,
मी.

दुसऱ्या दिवशी आकाशवाणीच्या ठोक्याशी ताडून पाहिलं.
शाखेचं घड्याळ दोन मिनिटं वीस सेकंद मागे.
गुणिले पंधरा.

सोळंकीसाहेबांनी विचारलं, "शुं थयुं, बेन?"
मी स्टुलावर उभी, काटा बोटाने ढकलत,
काय सांगणार,
की आपण सगळे रोज खंभातच्या वेळेने घरी जातो?

नवा हिशेब मांडला.
उरलेल्या चुका दोन्हीकडे पांगल्या,
एक रात्र शेवासीपाशी, एक वाघोडियात,
बाकीच्या गावातल्या गावात.
शेवटच्या पानावर लिहिलं:
चंद्र बरोबर. निरीक्षक बरोबर.
चूक तपासणाऱ्याची. खाली सही.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून
दोनदा वाचलं.
शाबासकी दिली, माझ्याच डोक्यावर टपली मारून.
मग जरा वेळाने म्हणाले,
"म्हणजे खंभात गेलं."
आणि परात घासायला उठले.