घर चौऱ्याण्णव अ

केपें बाजारामागचं घर. यादीत दोन नावं:
एर्मेलिंदा, सुलक्षा.
पुढच्या रकान्यात दोघींचे वडील,
दोन्ही केव्हाच वारलेले.

माझ्या पेन्सिलीच्या तीन खुणा: आपलं, त्यांचं, शंका.

उमेदवार बल्कांवात बसून चहा पितात.
‘दोन मतं पक्की ना, बाय?’
‘आणि रजिस्ट्रारकडच्या आमच्या दोन सह्या?’
सुलक्षा बशी पुसत विचारते.
उमेदवार काजूच्या झाडाकडे बघतात.
‘यंदा मोहर बरा धरलाय.’

एर्मेलिंदाच्या कपातला उरलेला घोट
सुलक्षा पिऊन टाकते, सगळ्यांदेखत.

गाडीत साहेब म्हणतात, ‘भाडेकरू लिही.’
मी पेन्सिल जिभेवर ओली करतो.
मडगावात माझ्या खोलीचं भाडं
दोघं मिळून भरतो आम्ही.
यादीत तिथं
मी एकटाच.