‘म्हणाला’ मेला

टॉडमॉर्डनच्या शाळेत नोव्हेंबरात
पावणेचारलाच खिडक्या काळ्या होतात.
दगडी दारावर अजून कोरलेलं आहे: मुली.
आता त्यातून कुणीही जातं.

पाचवीचा वर्ग. भुताची गोष्ट लिहा, संवादासह.
मी मदतनीस बाई, हिरवं पेन माझ्याकडे.
लाल पेन इथल्या मुलांना झोंबतं म्हणे,
म्हणून हिरवं.

फळ्यावर लिहिलंय:
बोलणं उघडताना सहासष्ट, मिटताना नव्व्याण्णव.
पहिल्या वर्षी मी हाताला सवयीचे तेच काढले,
६६ आणि ९९,
आणि वाक्याच्या दोन्ही टोकांना शेपट्या लोंबल्या.
मग लक्षात आलं, सहा त्यांचा घ्यायचाय, आपला नाही.

नवा माणूस बोलला की नवी ओळ.
स्वल्पविराम आधी आत घ्यायचा, मग दार लावायचं,
रात्री मांजर घेतो तसा.
रोज सांगते.
डेक्लनचं मांजर रोज बाहेर राहतं.

भिंतीवर पुठ्ठ्याचं थडगं, करडं रंगवलेलं:
‘म्हणाला’ येथे चिरनिद्रा घेत आहे.
खाली त्याचे वारस,
कुजबुजला, खेकसला, पुटपुटला, किंचाळला.
मुलं इस्टेट उधळतात.
एका पानात अकरा जण किंचाळतात,
त्यातला एक तर फक्त डबा मागत असतो.

टॅम्सिन ग्रीनवुडच्या गोष्टीत
बॉयलरच्या खोलीत एक मुलगी आहे,
सकाळी गिरणीत, दुपारी शाळेत जायची ती,
केसांत अजून कापूस.
रखवालदार बोलतो, त्याला चिन्हं आहेत.
बाई बोलतात, त्यांनाही.
मग ती मुलगी बोलते

माझं नाव हजेरीत घ्या

आणि आजूबाजूला काही नाही.
ना सहासष्ट, ना पूर्णविराम, ना दार.

मी हिरव्यानं लिहिलं: हे कोण बोलतंय?
ती म्हणाली, हो, म्हणालीच,
साधंसं, पेन्सिलीचं टोक चावत:
“मिस, चिन्हं घातली तर सगळ्यांना ऐकू येईल.”

आता यावर काय सांगणार.
मी सांगितलं, माझ्या भाषेची एक जुनी लिपी होती.
आधी पानभर आडवी रेघ ओढायची,
मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची.
शब्दांत फट नाही, बोलणाऱ्यांतही नाही;
सरदार, कारकून, लढाईत गेलेला,
सगळे एकाच दोरीवर वाळत घातलेले.
ती लिपी गेली.
पण एक शब्द आहे, तो कुठे गेला नाही.
तळघरात म्हणे एक मुलगी राहते.

“कोण म्हणतं?”
“कुणीच नाही.”
“मग?”
“म्हणून तर.”

तिनं तो माझ्याकडून तळहातावर लिहून घेतला.

शुक्रवारी वह्या मुख्याध्यापकांकडून परत आल्या.
टॅम्सिनची ती ओळ तशीच, उघडी.
पण तिच्या शेवटी, जिथे थडग्यातल्याची जागा होती,
तिथे डगमगत्या शिरोरेघेखाली,
म पाठमोरा, मात्रा भलत्याच अक्षरावर:
म्हणे.

सटक्लिफ साहेबांनी त्याला गोल केलाय.
बाजूला लिहिलंय, स्पेलिंग?

वर्ग रिकामा. खुर्च्या बाकांवर उलट्या.
खाली बॉयलर एकदा खाकरला
आणि पुढे काही बोलला नाही.
मी हिरवं पेन उघडलं,
मात्रा तेवढी जागेवर आणली.
बाकी बरोबर.